परमवीर, एकवीस किलोमीटर, टी-शर्टसह

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. मी पळण्याच्या विरोधात नाही. सैन्याच्या विरोधात तर मुळीच नाही. आणि हरिहरेश्वरला पाहुणे येण्याच्या विरोधात असायचं काही कारणच नाही, कारण मागच्या आवारातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन माझेही चार पैसे होतात. माझं भांडण आहे ते 'थीम' ह्या शब्दाशी. आणि तो शब्द सैन्याला चिकटवण्याशी.

झालंय असं, की माझा एक भाचा पुण्यात असतो. पळणाऱ्यांचा त्यांचा एक गट आहे. ह्या मंडळींच्या मनात आलंय की जानेवारीत, १५ तारखेच्या लष्करदिनाच्या आसपास, आमच्या गावात 'फौजी थीम'ची अर्धमॅरेथॉन घ्यायची. त्याने मला सगळा आराखडा पाठवला. आत्याला कौतुक वाटेल म्हणून, आणि गावात कुणाकुणाशी बोलायचं ते आत्या सांगेल म्हणून. मी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. पेपर तपासायची सवय, दुसरं काय!

आता त्यातले तपशील ऐका. पाच किलोमीटरच्या धावेचं नाव 'जवान'. दहाची 'कमांडो'. एकवीसची 'परमवीर'. पाणी द्यायच्या जागेला 'दारूगोळा डेपो'. वाळूच्या गोण्या रचून एक खोटा बंकर, त्यात लाकडी बंदूक घेऊन फोटो काढायची सोय. धाव सुरू व्हायची ती सुतळी बॉम्बच्या आवाजावर. प्रत्येकाला लष्करी ठिपक्यांचा शर्ट. आणि एकवीस किलोमीटर पुरे करणाऱ्याच्या गळ्यात 'परमवीर पदक'.

भाच्याला मी फोनवर नाही म्हणाले. तो म्हणाला, "आत्या, तू जुन्या विचारांची आहेस." असेन. पण जुन्या विचारांच्या माणसालाही कारणं असतात, आणि ती फोनवर नीट मांडता येत नाहीत. म्हणून इथे लिहितेय. घरची मंडळी हे वाचतात हे ठाऊक आहे, तेव्हा रागावायचं असेल तर खुशाल रागवा, पण शेवटपर्यंत वाचून मग.

त्याचं पहिलं म्हणणं, "आत्या, नौदलसुद्धा करतं की!" करतं. २०१६ साली मुंबईत पश्चिम नौदल कमांडने पहिली नेव्ही हाफ मॅरेथॉन घेतली. तिथेही नावं अशीच होती. एकवीसची 'एअरक्राफ्ट कॅरिअर रन', दहाची 'डिस्ट्रॉयर', पाचची 'फ्रिगेट'. मला तेव्हा हसू आलं होतं. कुणी विचारलं सकाळी काय केलंत, तर म्हणायचं, फ्रिगेट पळालो आणि मग मिसळ खाल्ली. पण त्यात मला काही खुपलं नाही. कारण यजमान नौदल स्वतः होतं. घरातलं माणूस घरातल्या गोष्टीला लाडाने काहीही नाव ठेवू शकतं. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळच्या समुद्रात आपली 'खुकरी' बुडाली. ती फ्रिगेटच होती. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले, कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. ज्या खात्याने फ्रिगेट अशी गमावली आहे, त्याने पाच किलोमीटरला फ्रिगेट म्हटलं तर त्यांना काय म्हणायचंय ते त्यांना कळतं. तुम्ही-आम्ही कपड्यांच्या दुकानातून ठिपक्यांचा शर्ट आणून स्वतःला कमांडो म्हणायचं, ही गोष्ट निराळी.

दुसरं म्हणणं जरा अभ्यासाचं होतं. मॅरेथॉन मुळातच युद्धातून जन्मली, मग लष्करी रूप दिलं तर काय बिघडलं? हा मुद्दा ऐकून माझ्यातली इतिहासाची बाई जागी झाली. शाळेत आपण सगळ्यांनी ती गोष्ट शिकवलीय: इसवी सनापूर्वी ४९० साली मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सने इराण्यांना हरवलं, फिडिपिडीस विजयाची बातमी घेऊन धावत आला, "जिंकलो" म्हणाला आणि कोसळला. सुंदर गोष्ट आहे. फक्त हेरोडोटसने, जो त्या लढाईला सगळ्यांत जवळचा इतिहासकार, त्याने ती लिहिलेलीच नाही. त्याने लिहिलंय ते हे, की लढाईच्या आधी फिडिपिडीसला अथेन्सहून स्पार्टाला मदत मागायला पाठवलं. अंतर सुमारे २४० किलोमीटर. बिचारा दुसऱ्या दिवशी पोचला, आणि स्पार्टावाले म्हणाले, येतो, पण पौर्णिमा होऊ दे, त्याआधी निघायची आमच्यात रीत नाही! कोसळून मरण्याची गोष्ट पुढे कित्येक शतकांनी प्लुटार्क आणि लुशियन ह्यांच्या लिखाणात येते, आणि १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये शर्यत म्हणून उभी राहते. म्हणजे मूळचा धावणारा निरोप्या होता. मदत मागायला गेला आणि तारीख घेऊन परत आला. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही तो आपला वाटेल. त्याच्या धावण्याला काम होतं, वेश नव्हता.

आणि पळणाऱ्यांची आठवणच काढायची तर आपल्याकडची काढा ना. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावली. ती पाहून जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा ह्यांनी पुढच्या वर्षी ॲन्टवर्पच्या ऑलिंपिकला आपली मुलं पाठवायची खटपट केली. बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि त्यांच्याबरोबर सदाशिव दातार, दोघेही तिथे मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचा मार्ग नेहमीपेक्षा लांब होता, ४२.७५ किलोमीटर. चौगुले दोन तास एक्कावन्न मिनिटांच्या आत आले, एकोणिसावे. शंभरावर वर्षं झाली ह्या गोष्टीला. आमच्या शाळेच्या पुस्तकात फिडिपिडीस होता, चौगुले नव्हते. भाच्यालाही हे नाव माझ्याकडूनच कळलं. बुटांवर हजारो रुपये घालणाऱ्या गटात एकालाही ते माहीत नव्हतं म्हणे. असो.

आता परमवीर. इथे मात्र मला खरोखर राग आला.

परमवीर चक्र १९५० साली सुरू झालं. आजवर किती जणांना मिळालं? २१. त्यातल्या १४ जणांना मरणोत्तर. (एकवीस म्हणून एकवीस किलोमीटर, असं आराखड्यात अभिमानाने लिहिलंय!) ह्या पदकाची आकृती सावित्रीबाई खानोलकरांनी काढली. जन्माने युरोपीय, मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झालेल्या. त्यांनी त्यावर इंद्राचं वज्र घेतलं. वज्र म्हणजे दधीची ऋषींच्या हाडांचं. स्वतःची हाडं काढून देणाऱ्याची ती खूण. पहिलं परमवीर मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा हे सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर. त्यांनाही ते मरणोत्तरच. जिवंतपणी मिळालेल्यांत कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे आहेत. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे त्यांनी गोळीबारात, जखमी अवस्थेत, दिवसच्या दिवस काढले, तेव्हा आपले रणगाडे पुढे गेले.

पंच्याहत्तर वर्षांत एकवीस. आणि तुम्ही एका सकाळी, नाश्त्याच्या आत, दोनशे-तीनशे वाटणार. "आत्या, ते नुसतं नाव आहे." मराठीची बाई आहे रे मी. नुसतं नाव असं काही नसतं.

शर्टाचंही बोलून घेते. २०१६ च्या जानेवारीत पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला, अतिरेकी लष्करी वेशात आले होते. त्यानंतर लष्कराने लोकांना आणि दुकानदारांना आवाहन केलं होतं, की लढाऊ नक्षीचे कपडे घालू नका, विकू नका. १५ जानेवारी २०२२ ला लष्कराने नवा गणवेश दाखवला, आणि त्याच्या नक्षीचे हक्क नोंदवून घेतले. कायद्यात फसवण्याचा हेतू असेल तर गुन्हा आहे, नाहीतर नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही फसवायला निघालेला नाही हेही माहीत आहे. पण ज्यांचा सन्मान करायचा म्हणता त्यांनीच हात जोडून सांगितलंय की बाबांनो आमचा वेश घालू नका, आणि तुम्ही सन्मान म्हणून तोच घालणार. ह्याला काय म्हणावं?

आणि हे सगळं कुठे, तर आमच्या किनाऱ्यावर. बाहेरच्यांना हरिहरेश्वर म्हणजे काळभैरव, प्रदक्षिणेची वाट आणि उकडीचे मोदक. पण इथून श्रीवर्धन ओलांडून वर गेलं की शेखाडी लागतं. फेब्रुवारी १९९३ मध्ये तिथे रात्री आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. पुढे खटल्यात कस्टम आणि पोलीस खात्यातल्या काही लोकांनाही शिक्षा झाल्या, कारण ज्यांनी बघायचं त्यांनी पैसे घेऊन डोळे मिटले होते. तेव्हा मी नोकरीत होते. त्यानंतर कितीतरी दिवस वर्गात एखादा मुलगा शेखाडीचा आहे म्हटलं की बाहेरून आलेले पाहुणे त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायचे. त्या पोराने काय केलं होतं?

मग १८ ऑगस्ट २०२२. दहीहंडीच्या आदल्या दिवशी आमच्याच किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली. 'लेडी हान'. आत तीन एके-४७ आणि काडतुसं. गावातल्या लोकांनी पाहिली, पोलिसांना कळवलं, आणि तासाभरात सगळ्या देशाच्या वाहिन्यांवर हरिहरेश्वर. मला तर अमेरिकेतून भाचीचा फोन, "आत्या, तू ठीक आहेस ना?" नंतर विधानसभेत खुलासा झाला: बोट ऑस्ट्रेलियन मालकीची, मस्कतहून युरोपला निघालेली, जूनमध्ये इंजिन बिघडलं, माणसांना कोरियाच्या युद्धनौकेने वाचवलं आणि रिकामी बोट पावसाळी समुद्रात वाहत इथवर आली. घातपाताचं काही निघालं नाही. पण त्या दुपारी ते आम्हाला कुठे ठाऊक होतं? आयाबायांनी दारं लावून घेतली होती.

जिथे खऱ्या बंदुका वाळूला लागल्या त्याच वाळूवर तुम्ही लाकडी बंदुका घेऊन फोटो काढणार. आमच्याकडे 'सागर कवच' नावाचा सराव वर्षातून होतो. २६/११ नंतर सुरू झाला. पोलीस, तटरक्षक दल, नौदल सगळे असतात, काही जण मुद्दाम घुसखोर बनून येतात आणि बाकीच्यांनी त्यांना पकडायचं. नाक्यावर गाड्या थांबवतात, डिक्या उघडायला लावतात. पर्यटक कुरकुरतात, अहो आम्हाला उशीर होतोय म्हणतात. किनाऱ्याचं रक्षण म्हणजे हे असलं कंटाळवाणं काम. पहाटे होडी लावताना अनोळखी बोट दिसली तर हातातलं जाळं ठेवून फोन करणं. त्याचा टी-शर्ट निघत नाही.

बरं, तुम्ही मंडळी पुण्या-मुंबईहून येताना माणगाववरून याल. तिथे तहसील कचेरीच्या आवारात एक पुतळा आहे. दर खेपेला वडापावसाठी गाडी थांबते, पुतळ्यापाशी थांबलेली मी क्वचित पाहिली. नाईक यशवंत घाडगे. आपल्याच रायगडमधल्या पळसगावचे. मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४, इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात. मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. हे एकटे पुढे धावले. हातबॉम्ब टाकून मशिनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. दुसऱ्या दोघांसाठी बंदुकीत गोळ्या भरायला वेळ नव्हता, तेव्हा नळीकडून धरून दस्त्याने त्यांना मारलं. मग दुसरीकडून आलेल्या गोळ्या लागून गेले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. कसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. ते अंतर काही मीटरच असेल. पळण्याच्या नोंदीत ते कुठे बसणार नाही.

सुभेदारांचं सांगायचं राहिलं. शेजारच्या गावात सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील. त्यांना मी आराखडा वाचून दाखवला. ते फार बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, पळू दे की पोरांना. पण तो बॉम्ब नको." दिवाळीत ते मागच्या पडवीत जाऊन बसतात, रेडिओ मोठा लावून. हे मी इतकी वर्षं पाहत आले, विचारलं कधीच नाही.

भाच्याचं शेवटचं म्हणणं पैशाचं. नोंदणीतून उरेल ते सैनिकांसाठी देणार. चांगली गोष्ट आहे. पण आम्ही शिक्षकांनी ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाच्या निधीचे डबे वर्षानुवर्षं फिरवलेत. हा दिवस १९४९ पासून आहे. छातीला टाचणीने इवला कागदी झेंडा, आणि मुलं घरून आणायची ते सुटे पैसे. शर्ट नाही, पदक नाही. अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे जाऊन विचारा, आमच्या तालुक्यातल्या कुठल्या वीरपत्नीच्या घराचं छप्पर अजून दुरुस्त व्हायचंय. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने इथल्या सुपारी-नारळाच्या बागा आडव्या केल्या, घरांचे पत्रे उडवून नेले. सुपारीचं झाड पुन्हा लावून उत्पन्नाला यायला वर्षं लागतात. बंकरच्या गोण्यांचा आणि बॉम्बचा खर्च वाचला तरी दोन घरांचे पत्रे येतील.

आता मला जे खरं म्हणायचंय ते. आमच्याकडे 'भरती' म्हटलं की दोन अर्थ. एक समुद्राची, दुसरी फौजेची. पहाटे पाच वाजता श्रीवर्धनच्या रस्त्याला या, अंधारात पावलांचे आवाज ऐकू येतील. ती आमची पोरं. सैन्याच्या भरतीत वर्षानुवर्षं हिशोब असा राहिलाय, की १६०० मीटर साडेपाच मिनिटांत पळालात तर पूर्ण गुण. पोलीस भरतीत मुलांना १६००, मुलींना ८००. २०२२ मध्ये अग्निपथ आल्यापासून चार वर्षांची नोकरी, आणि पुढे कायम राहणार त्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंत. तरी पळतात. काहींच्या पायात बहिणीचे बूट असतात, काहींच्या पायात काहीच नसतं. धावपट्टी नाही. दिवा नाही. मागून रिसॉर्टची गाडी आली की कडेच्या गटारात उतरायचं. माझ्याकडे शिकलेला एक मुलगा दोनदा तीन-चार सेकंदांनी मागे पडला, मग वय उलटलं, आता तो फेरीबोटीवर तिकिटं फाडतो. मला भेटला की अजून सेकंदांतच बोलतो.

ह्या पोरांना तुमच्या आराखड्यात काम काय दिलंय? 'स्वयंसेवक'. म्हणजे जो खरोखर फौजेत जायला पळतोय त्याने कडेला उभं राहून पाण्याचे पेले धरायचे, आणि जो सोमवारी कचेरीत खुर्चीवर बसणार आहे त्याने समोरून 'कमांडो' लिहिलेला शर्ट घालून पळत जायचं.

म्हणून भाचेबुवा, माझ्या अटी लिहून घ्या. धाव घ्या, जरूर घ्या. साधी 'हरिहरेश्वर धाव' म्हणा. शर्ट पांढरा. आमच्या पोरांना नोंदणी फुकट आणि १६०० मीटरची वेगळी शर्यत, नीट वेळ मोजून, कारण तुमच्याकडे ती चिप लावायची घड्याळं आहेत आणि आमच्याकडे ती कुणी कधी पाहिलेली नाहीत. जुने बूट तुम्ही दर सहा महिन्यांनी टाकता म्हणे, ते टाकू नका, मापं लिहून घेऊन या. वाळूवरून मार्ग नको. हिवाळ्यात इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, रात्रीचे दिवे आणि धावपळ त्यांना चालत नाही. प्रदक्षिणेच्या वाटेचा तर विचारही करू नका. भरतीच्या वेळी तिथे लाट माणूस उचलून नेते, आणि नेलेली आहेत. येताना माणगावला दहा मिनिटं थांबा. बॉम्ब नाही, शिट्टी चालेल, माझी शाळेतली आहे.

गेल्या महिन्यात मी आणि तो तिकिटं फाडणारा माझा विद्यार्थी, आम्ही दोघांनी पन्नास मीटरचा टेप घेऊन रस्त्यावर १६०० मीटर मोजले. बत्तीस वेळा टेप लावला. दर चारशेला चुन्याची रेघ मारली. पहिल्या पावसात ती गेलीच असणार. दसऱ्यानंतर पुन्हा मारायची आहे, तेव्हा कुणी येणार असाल तर दोन दिवस आधी कळवा. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो.